केवढ्याला पडलं?

धारवाडात नवी वस्तू घरात आली की लगेच वापरात येत नाही. आधी तिची तोंडी परीक्षा होते. शेजारचे काका येतात, कापड असेल तर दोन बोटांत चुरगाळून बघतात, भांडं असेल तर टिचकी मारतात आणि मग तो एकमेव महत्त्वाचा प्रश्न टाकतात, "केवढ्याला पडलं?" प्रश्न आलाच नाही तर घेणाऱ्याचा जीव वरखाली होतो. दोन दिवस वाट बघून तो आपणहून विषय काढतो. "परवा सहज सुभाष रोडला गेलो होतो..." सुभाष रोडला सहज कुणी जात नाही. पण हे ऐकणाऱ्यालाही ठाऊक असतं, त्यामुळे कुणी कुणाला अडवत नाही.

उत्तर देण्याचीही रीत आहे. खरी किंमत कुणीच सांगत नाही, हे मुंबईपासून म्हैसूरपर्यंत सारखंच. फरक आहे तो दिशेचा. मुंबईहून आलेला पाहुणा चढवून सांगतो, आम्ही उतरवून सांगतो. आपण किती खर्च करू शकतो हे त्याला दाखवायचं असतं; आपल्याला कुणी फसवू शकत नाही हे आम्हाला दाखवायचं असतं. पंधराशेला घेतलेली इरकल घरी येईपर्यंत बाराशेची होते. ऐकणारीनं तसलीच साडी गेल्या दिवाळीत सोळाशेला घेतलेली असते आणि गल्लीत चौदाशे सांगितलेली असते. त्यामुळे तिचा चेहरा बरोबर दोनशे रुपयांनी उतरतो. साडीचं खरं सुख म्हणजे हे दोनशे रुपये. नेसायची ती नंतर, कुणाच्या तरी मुंजीत, पाऊस नसला तर.

सुभाष रोड म्हणजे आमच्या गावाचा खर्च करण्याचा रस्ता. कमावण्यासाठी माणसं वीस किलोमीटरवरच्या हुबळीला जातात. महापालिकेनं 1962 साली दोन्ही गावांची गाठ मारली, पण स्वभाव काही एक झाले नाहीत. हुबळीत व्यापारी, धारवाडात पेन्शनर. हुबळीत पैसा पळतो, धारवाडात तो आधी चष्मा लावतो, मोजला जातो, पुन्हा मोजला जातो आणि मग 'पुढच्या महिन्यात बघू' असं म्हणून पाकिटात परत जातो. अशा गिऱ्हाइकांच्या जिवावर या रस्त्यावर कापडवाले, सराफ, भांडेवाले, पुस्तकवाले, मोबाइलवाले पिढ्यान्‌पिढ्या तगून आहेत, हा माझ्या मते अर्थशास्त्रातला एक मोठा चमत्कार आहे.

त्यात गाव लेखकांचं. धारवाडात दगड भिरकावला तर तो कवीच्या घरावर पडतो असं म्हणतात. याच गावात जी. ए. कुलकर्णी कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. 'काजळमाया'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि नियमावरून वाद निघताच त्यांनी तो परत करून टाकला. मिळालेली गोष्टसुद्धा परत करणारी माणसं जिथं राहतात, तिथं गिऱ्हाइकाला 'घ्या हो, घेऊन टाका' म्हणणं सोपं नाही.

म्हणून इथला दुकानदार घाई करत नाही. "बर्री, कुंडर्री" म्हणून तो आधी गादीवर बसवतो. धारवाड 1956 पर्यंत मुंबई राज्यात होतं, त्याची खूण अजून या गाद्यांवर सापडते : जुने दुकानदार भाव मराठीत सांगतात आणि कमी करायला नकार कानडीत देतात. आपणही तयारीचे असतो. कापडाची चौकशी मराठीत करायची आणि घासाघीस सुरू झाली की "कडिमि माड्री" म्हणत त्यांच्या मुलखात शिरायचं. मध्येच चहा येतो. चहा घेतला की गिऱ्हाईक अर्धं विकलं गेलं, हे दोन्ही बाजूंना माहीत असतं; तरी चहा मागवला जातो आणि घेतलाही जातो. शेवटी दोनशे मागितलेले असतात, चाळीस सुटतात. ते चाळीस रुपये दुकानदारानं आधीच भावात धरलेले असतात, हेही आपल्याला माहीत असतं. तरीसुद्धा ते चाळीस रुपये खिशात टाकून पायरी उतरताना जे वाटतं ते हुबळीच्या गोकुळ रोडवरच्या मॉलमध्ये चार हजारांच्या खरेदीवर चारशेची सूट मिळाली तरी वाटत नाही. मॉलमधली सूट यंत्र देतं. यंत्राला हरवल्याचं घरी सांगून कुणाला आश्चर्य वाटेल?

खर्चानं सुख वाढतं का, हा प्रश्न मोठमोठ्या विद्वानांनी हाताळला आहे. डॅनियल कानेमन आणि अँगस डीटन हे दोघे पुढेमागे नोबेल मिळवलेले गृहस्थ. त्यांनी 2010 साली अमेरिकेतल्या साडेचार लाखांच्या आसपास उत्तरांचा हिशेब मांडला आणि सांगितलं की वर्षाला 75 हजार डॉलरपर्यंत रोजचं मन कमाईबरोबर प्रसन्न होत जातं, पुढे नाही. त्या वेळच्या भावानं ही रक्कम तीस लाखांच्या वर जाते. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त मास्तरांना मी हे मोठ्या उत्साहानं सांगितलं. मला वाटलं, 'बघा, पैशात काही नाही' असं ते म्हणतील. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "म्हणजे तीस लाखांपर्यंत वाढतच जातं? मग माझ्या आनंदाला अजून बराच वाव आहे की."

पुढे मॅथ्यू किलिंग्जवर्थ नावाच्या संशोधकानं 2021 साली लोकांना फोनवरून दिवसातून अधूनमधून 'आत्ता कसं वाटतंय?' असं विचारलं आणि दाखवलं की सुख 75 हजारांपाशी थांबत नाही, वर चढतच राहतं. दोन विद्वानांचं पटलं नाही की आपल्याकडे दोन साहित्य संमेलनं भरतात. तिकडे मात्र कानेमन आणि किलिंग्जवर्थ 2023 साली एकत्र बसले, बार्बरा मेलर्स या बाईंना मध्यस्थ घातलं आणि मिळून एक निबंध लिहिला. निष्कर्ष असा की बहुतेकांचं सुख कमाईबरोबर वाढतच राहतं; मात्र जी माणसं मुळात फार दुःखी आहेत त्यांचं दुःख एका रकमेपर्यंत कमी होतं आणि मग तिथंच बसून राहतं. मास्तरांना हेही सांगितलं. "बरोबर आहे," ते म्हणाले. "आमच्या व्याह्यांचं तसंच आहे."

पण ही सगळी चर्चा कमाईची झाली. कमाई हा धारवाडकराच्या हातातला विषय नाही, तो हुबळीच्या आणि बंगळूरच्या लोकांचा. आमच्या हातात आहे तो खर्च. आणि त्याबाबतीत सुभाष रोडनं विद्वानांच्या कितीतरी आधी एक प्रयोग करून ठेवलाय.

या रस्त्यावर लक्ष्मी भवन नावाची इमारत आहे. तिथल्या माळ्यावर 'मनोहर ग्रंथमाला' ही कानडी प्रकाशनसंस्था आहे. जी. बी. जोशी यांनी ती 1933 साली सुरू केली. त्या माळ्याला सगळं गाव 'अट्ट' म्हणतं. घरात मराठी बोलणाऱ्या आणि कानडीला ज्ञानपीठ मिळवून देणाऱ्या बेंद्र्यांपासून कीर्तिनाथ कुर्तकोटी, गिरीश कार्नाडांपर्यंत कानडी साहित्यातली केवढी तरी मंडळी तो जिना चढून गेली आहेत. इमारत लक्ष्मीच्या नावाची आणि सरस्वती माळ्यावर. आमच्या गावात दोघींचं जे काही जमलंय ते एवढ्याच अंतरावरून.

ग्रंथमालेची पद्धत वर्गणीची. वाचकानं वर्षाचे पैसे आधी भरायचे. मग पुस्तकं निघतील तशी घरी येणार. कोणतं पुस्तक येईल, कधी येईल, आवडेल की नाही, काही नक्की नाही. पैसे गेलेले आहेत आणि पोस्टमन दारावरून पुढे जातोय, अशा अवस्थेत माणसं महिने काढायची. आजच्या मुलांना हा छळ वाटेल. पण एलिझाबेथ डन, डॅनियल गिल्बर्ट आणि टिमोथी विल्सन या तिघांनी 2011 साली खर्चातून सुख कसं काढावं यावर निबंध लिहिला, त्यात त्यांचा एक ठाम सल्ला आहे : पैसे आधी द्या, उपभोग मागाहून घ्या. वाट बघण्यात जे सुख असतं ते फुकट मिळतं आणि वस्तू हातात येईस्तोवर दिलेल्या पैशाची टोचणीही बोथट झालेली असते. जी. बी. जोशींनी हे वाचण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांना छापखान्याचं बिल आधी भरायचं असणार. पण सुखाचे बरेच शोध असेच, कुणाच्या तरी बिलापोटी लागतात.

याच माळ्यावरून 1961 साली कार्नाडांचं पहिलं नाटक बाहेर पडलं, 'ययाति'. मराठी वाचकाला ययाती म्हटलं की खांडेकर आठवतात. त्यांची कादंबरी 1959 ची, म्हणजे दोनच वर्षं आधीची. कोल्हापुरात एक ययाती आणि धारवाडात दुसरा, असा त्या राजाला या पट्ट्यात मोठा भाव आला होता. आता त्याची गोष्ट सुभाष रोडच्या नजरेनं बघा. राजाला अकाली म्हातारपण येतं. सुख तर भोगायचंय, शिल्लक संपलेली. मग तो मुलाचं तारुण्य उसनं घेतो. महाभारतातल्या हिशेबाप्रमाणे हजार वर्षांच्या मुदतीनं. भरपूर भोगतो आणि शेवटी कबूल करतो की भोगून काही हौस भागत नाही, तुपानं आग वाढावी तशी ती वाढतच जाते. म्हणजे आधी उपभोग, मागाहून फेड.

त्याच रस्त्यावर आज मोबाइलची दुकानं आहेत आणि त्यांच्या दारावर मोठ्या अक्षरात ययातीचाच मार्ग लिहिलेला असतो : शून्य टक्के व्याज, आज घेऊन जा, हप्ते नंतर. आमच्या गल्लीतल्या एका मुलानं असा फोन घेतला. पहिला आठवडा तो फोन खिशाबाहेर ठेवूनच हिंडायचा. तिसऱ्या महिन्यात त्या फोनची काच तडकली आणि सहाव्या महिन्यात त्याच कंपनीनं नवा फोन काढला. सुख तीन महिन्यांत आटोपलं; हप्ते अठरा. ययातीनं निदान हजार वर्षं पुरवली होती. आणि त्याचा हमीदार जसा घरातला निघाला तसा याचाही निघाला. हप्ता चुकला की बँकेचा फोन वडिलांना येतो.

वाट बघण्याचं सुख अजून शाबूत असलेली जागा पाहायची तर लाईन बझारात पेढ्याच्या रांगेत उभं राहावं. उत्तर प्रदेशातल्या उन्नावकडून प्लेगच्या धास्तीनं इकडे आलेल्या ठाकूर कुटुंबानं धारवाडच्या म्हशीच्या दुधातून हा तपकिरी, वरून साखरेत घोळलेला पेढा घडवला. त्याला आता भौगोलिक मानांकनही आहे. दुसरीकडेही पेढा मिळतो, मुबलक मिळतो, चांगलाही असतो. पण रांगेतल्या पेढ्याची गोष्ट वेगळी. रांगेत उभं राहून माणूस मागच्याला आपण पहिल्यांदा हा पेढा कधी खाल्ला ते सांगतो, पुढच्याचं तेच ऐकून घेतो, पुढे किती किलो शिल्लक असतील याचा अंदाज बांधतो. पुण्याहून आलेली एखादी तरुण जोडी 'ऑनलाइन नाही का मिळत?' असं विचारते, तेव्हा सगळी रांग एकदम वळून त्यांच्याकडे बघते. ऑनलाइन मिळत असेलही. पण मग रांगेत काय करायचं?

आणि पेढा घेतो तो स्वतः खायला थोडाच घेतो! साखर तपासून आलेली माणसंच तिथं जास्त असतात. एक पाव मुलीच्या सासरी, एक पाव बँकेतल्या मॅनेजरला, अर्धा पुण्याच्या भावाला. त्याच्याकडून बाकरवडी येऊन पडलेली असते, तिची परतफेड राहिलेली असते. घरी पोचतो तो डब्याच्या तळाचा चुरा. तो डॉक्टरांना न सांगता खायचा.

याबाबत 2008 सालचा एक सुंदर प्रयोग आहे. तीच एलिझाबेथ डन, सोबत लारा अक्निन आणि मायकल नॉर्टन. कॅनडात व्हँकुव्हरच्या विद्यापीठात त्यांनी मुलांच्या हातात सकाळी एक पाकीट दिलं. कुणाच्यात पाच डॉलर, कुणाच्यात वीस. काहींना सांगितलं, संध्याकाळी पाचच्या आत हे स्वतःवर खर्च करा. काहींना सांगितलं, दुसऱ्या कुणावर तरी करा. संध्याकाळी फोन करून विचारलं, कसं वाटतंय? दुसऱ्यावर उडवणारे जास्त खुशीत. पाच की वीस, यानं काही फरक पडला नाही. मजा म्हणजे दुसऱ्या मुलांना आधी अंदाज विचारला तेव्हा त्यांनी छातीठोकपणे सांगितलं की वीस डॉलर स्वतःवर खर्च करणारा सगळ्यात सुखी होईल.

हा अंदाज धारवाडातल्या कुठल्याही शेंबड्या पोरानं बरोबर सांगितला असता, कारण त्यानं हॉटेलातलं बिल बघितलेलं असतं. कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवालीशी पाच मिनिटं हुज्जत घालणारे गृहस्थ संध्याकाळी मित्रांबरोबर गिरमिट-मिरची भजी खायला बसतात आणि एकशे ऐंशी रुपयांचं बिल आलं की त्यांच्या अंगात संचारतं. "मी देतो." "शक्यच नाही, तुम्ही गेल्या वेळी दिलंत." "ते गेल्या वर्षी." वेटरचं मनगट एकानं धरलेलं, बिलाची चिठ्ठी दुसऱ्यानं, तिसऱ्याचा हात खिशात अडकलेला, त्याचा बऱ्याचदा मुद्दाम अडकतो, पण त्याविषयी बोलू नये. जुनेजाणते हात धुण्याचं निमित्त करून उठायचे आणि गल्ल्यावर पैसे देऊन मिशीवरून हात फिरवत परत यायचे. बिल देऊ न शकलेला माणूस घरी जाऊन बायकोजवळ कुरकुरायचा, "आज पुन्हा त्यानंच दिलं." याला हरणं म्हणतात. पैसे वाचले म्हणून कुणी खूष झाल्याचं मी पाहिलेलं नाही. निदान कुणी कबूल केलेलं नाही.

या लढाईचा घात केला तो त्या काळ्यापांढऱ्या चौकोनानं. आता म्हातारे एकमेकांचे दंड धरून उभे असतात आणि कुणाचा तरी भाचा फोन पुढे करतो. गल्ल्यावरचा बोलका डबा कडकडीत कानडीत जाहीर करतो की एकशे ऐंशी रुपये पोचले. चार माणसं उघडी पाकिटं हातात घेऊन बघत राहतात. भाचा तर फोनमध्ये डोकं घालून पुढे निघालेला असतो. त्याला दिल्याचं सुख झालेलं दिसत नाही आणि यांचं हिरावून घेतलेलं स्पष्ट दिसतं. तोट्यातला सौदा म्हणतात तो हा. माझं म्हणणं असं की या डब्यानं रकमेबरोबर देणाऱ्याचं नाव, आणि शक्य झाल्यास वडिलांचं नावही, पुकारावं. खर्च दुप्पट होईल.

खर्च बघायला किंवा खायला दुसरं कुणीतरी लागतं, ही गोष्ट आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींइतकी स्वच्छ मला कुणीच समजावली नाही. मावशी मराठा, माहेर कागलकडचं, धारवाडात लग्न होऊन आल्या त्याला जमाना झाला. त्यांची धाकटी बहीण तिकडेच, कागल तालुक्यात दिलेली. बहिणी एकमेकींवर जीव टाकतात आणि टाकलेला प्रत्येक जीव मोजून ठेवतात.

ऑगस्ट 2023 मध्ये कर्नाटक सरकारनं गृहलक्ष्मी योजना सुरू केली, घरच्या कर्त्या बाईला महिन्याला 2000 रुपये. त्याच्याआधी जूनमध्ये बायकांचा साध्या सरकारी बसचा प्रवास फुकट झाला होता. मावशींनी दोन्ही बातम्या बहिणीला फोनवर सांगितल्या. बहिणीच्या बाजूला महाराष्ट्रात तेव्हा बायकांना एसटीत अर्धं तिकीट होतं, त्याचं तिला तोवर फार कौतुक होतं. ते एका फोनमध्ये निम्मं झालं. मग जुलै 2024 मध्ये तिकडे लाडकी बहीण योजना आली, महिना 1500. बहिणीनं मोठ्या आनंदानं फोन केला. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि मायेनं म्हणाल्या, "असू दे गं. काहीतरी आलं हे महत्त्वाचं." त्या दिवशीच्या आमच्या पोळ्या इतक्या पातळ आणि टम्म फुगलेल्या झाल्या होत्या की बायकोनं त्यांना थांबवून चहा दिला.

रिचर्ड ईस्टरलिन नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं 1974 साली हेच मांडलं होतं. देशाची कमाई वर्षानुवर्षं वाढत गेली तरी लोकांचं सुख त्या मानानं वाढत नाही, कारण माणूस स्वतःच्या ताटाकडे नंतर बघतो, आधी शेजाऱ्याच्या. मावशींना 2000 रुपये तर वर्षभर येतच होते आणि त्यांची सवयही झाली होती. पण बहिणीपेक्षा 500 जास्त आहेत हे कळल्यावर त्या जुन्याच 2000 ना पुन्हा पालवी फुटली. पुढे महाराष्ट्रातल्या निवडणुकीत 1500 चे 2100 करू असं आश्वासन निघालं. त्या आठवड्यात आमच्या पोळ्या करपल्या.

या 2000 चं मावशी काय करतात, तर काही गॅसला, काही भिशीला आणि उरलेले सुभाष रोडला. सुनेला जोडवी, नातवाला दप्तर, एकदा घरात आधीच चार असताना पाचवं पातेलं. स्वतःसाठी काय घेतलंत, असं विचारलं तर म्हणतात, "हेच की सगळं." बेळगाव जिल्ह्यातल्या रायबाग तालुक्यात 2024 साली एका आजींनी याच योजनेचे साठवलेले पैसे काढले आणि गावाला होळगीचं, म्हणजे पुरणपोळीचं, जेवण घातलं. ती बातमी पार मुख्यमंत्र्यांपर्यंत गेली. मावशींनी ती माझ्या फोनवर दोनदा पाहिली. मला वाटलं, त्यांना कौतुक वाटलं असेल. "किती पानं उठली असतील?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि मग बराच वेळ कणीक मळताना मनाशी काहीतरी हिशेब करत होत्या. आमच्या मळमड्डीतल्या गल्लीला जेवण घालायचं म्हटलं तर किती महिने साठवावं लागेल, असा तो हिशेब होता हे मागाहून कळलं. सध्या तो विचार पुरणाच्या डाळीच्या भावापाशी अडलाय.

तर ही धाकटी बहीण श्रावणात धारवाडला यायला निघाली. आता सीमाभागातल्या सुखाची एक गंमत आहे. तिचं अर्धं तिकीट महाराष्ट्राची हद्द संपेपर्यंत आणि मावशींचं फुकट तिकीट कर्नाटकाची हद्द संपेपर्यंत. हद्द ओलांडली की, म्हणजे निपाणीच्या अलीकडेच, बहिणीला पूर्ण भाडं पडणार. मावशी म्हणाल्या, मी निपाणीला जाऊन तिला घेऊन येते. मी विचारलं, तुम्ही गेल्यानं तिचं भाडं कसं वाचणार? "तिचं नाही वाचणार," त्या म्हणाल्या, "पण माझं फुकट तिकीट ती बघेल तरी." म्हणजे जाऊन येऊन अख्खा दिवस. कंडक्टरनं शून्य रुपयाचं तिकीट फाडून मावशींच्या हातात दिलं आणि बहिणीकडे पूर्ण पैसे मागितले, तो क्षण कुठल्याही कापडदुकानात विकत मिळणारा नव्हता. शिवाय मावशींनी लगेच पदराची गाठ सोडून बहिणीचं भाडंही स्वतःच भरलं. बहीण नको नको म्हणत राहिली. तिचा दिवस काही चांगला गेला नसणार.

दुसऱ्या दिवशी दोघी सुभाष रोडला. बहिणीला साडी घ्यायची होती. साडी ठरली, घासाघीस मावशींनी कानडीतून केली, आणि गल्ल्यापाशी भांडण जुंपलं. मावशी म्हणे, आमच्या गावात आलीस, पैसे मी देणार. बहीण म्हणे, काल भाडं तू भरलंस, आज मला देऊ दे, माझेही पैसे सरकारनंच दिलेत. दोन राज्यांच्या तिजोऱ्या एका कापडदुकानाच्या गल्ल्यावर आमनेसामने आल्या. दुकानदार हुशार. त्यानं आणखी एक साडी काढली. पहिली मावशींनी बहिणीला घेतली, दुसरी बहिणीनं मावशींना. दोघी डोळे पुसत आणि पिशव्या हलवत बाहेर पडल्या. दुकानदारानं दोघींना थंड पाजलं, तेही आग्रह करकरून. तो त्या दुपारी एकटाच असा होता की ज्याला पैसे मिळूनही सुख झालं.

या सगळ्यात तीन दिवस आमच्याकडे पोळ्या झाल्या नाहीत. अॅशली व्हिलन्स आणि मंडळींनी 2017 साली, पुन्हा त्या व्हँकुव्हरमध्येच, लोकांना दोन शनिवार-रविवार चाळीस-चाळीस डॉलर दिले. एकदा वस्तू घ्या म्हणून आणि एकदा स्वतःचा वेळ वाचेल असं काहीतरी घ्या म्हणून. वेळ विकत घेतलेल्या दिवशी लोक जास्त खूष होते. आम्ही मावशींकडून घेतो तो नेमका हाच माल, हे बायकोला पोळपाट पुढे ओढताना जाणवलं आणि तिनं ते मला जाणवून दिलं. मी खानावळीतून जोंधळ्याच्या भाकरी आणल्या. भाकरी उत्तम होत्या, बरोबर शेंगदाण्याची चटणी आणि कांदा. तिसऱ्या दिवशी तर खानावळवाल्यानं, रोज येता म्हणून, एक भाकरी जास्तीची घातली. पैसे घेईना. मी देतच राहिलो. बराच वेळ आमचं चाललं. मागं रांग लागली.

आता पुढच्या महिन्यात बहीण मावशींना माहेरी न्यायला येणार आहे. कागलहून निपाणीपर्यंत, अर्ध्या तिकिटात, तेही हद्द येईस्तोवरच. मावशी किती दिवसांनी परततील ते सांगत नाहीत. मी खानावळवाल्याला भाकरीचे पैसे आधीच देऊन ठेवलेत.